मॉल जुना होतो तेव्हा

मंडळाच्या बैठकीत मी हा विषय सांगितला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद लगेच म्हणाले, "मॉलचा काय इतिहास राहाते बुवा? इतिहास तर देवगडच्या किल्ल्याचा राहाते." हसणं झालं, चहा आला, आणि मी विषय मागे घेणार होतो. तेवढ्यात दुसरे एक जण म्हणाले, "पण आपण छोट्या गाडीवर लिहिलंच ना. ती काय किल्ला होती?"

मुद्दा बरोबर होता. सौंसरवरून जाणारी नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज २०१५ साली बंद झाली. ती जाणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. म्हणून शेवटच्या दिवसांत लोकांनी फोटो काढले, तिकिटं जपून ठेवली, पोरांना मुद्दाम एक फेरी घडवली. जे जाणार हे माहीत असतं, त्याची नोंद होते. जे जात नाही, फक्त आतून बदलतं, त्याची होत नाही. मॉल हा त्यातला प्रकार. नाव तेच राहतं, जागा तीच राहते, पाटीचा रंगही कधीकधी तोच असतो. आत गेलं की मात्र आपण दुसऱ्याच इमारतीत आलो असं वाटतं, आणि नेमकं काय गेलं ते बोट ठेवून सांगता येत नाही.

हा लेख त्या 'नेमकं काय'बद्दल आहे.

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडे मॉल म्हणजे नागपूर. पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटर, सौंसरहून सत्तरेक. लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे, पोराचा पहिला कोट, सगळं नागपुरात. आधी सीताबर्डीच्या गल्ल्या, मग मॉल. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाचं मॉलशी नातं शहरातल्या माणसासारखं नाही. शहरातला माणूस तासाभरासाठी जातो. आपण सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळच्या गाडीने येतो, आणि मधला सगळा दिवस कुठेतरी काढायचा असतो. कुठे बसायला मिळतं, पाणी कुठे आहे, पिशव्या कुठे ठेवता येतात, हे आपल्याला दुकानांच्या नावांपेक्षा जास्त लक्षात राहतं. पुढे जे म्हणायचं आहे ते याच नजरेतून आहे, हे आधीच सांगून टाकतो.

छपराखालचा बाजार आपल्याकडे मॉलच्या बराच आधी आला. मुंबईची क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ची. आराखडा विल्यम इमर्सनचा, दर्शनी भागावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. कावसजी जहांगीर यांनी ती शहराला दिली, आणि नाव पडलं मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं. १८८२ साली तिथे विजेचे दिवे लागले. पुण्याची मंडई १८८६ची. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती 'रे मार्केट' झाली. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याला फुटलेले आठ हात, आणि त्या हातांत ओट्यांवर बसलेले भाजीवाले. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर कशाला, शिक्षणावर खर्चा, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९३८ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचं नाव दिलं गेलं. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केटही आज कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडईच आहे. ज्यांनी विरोध केला त्यांचंच नाव, आणि तेही एका नव्हे, दोन शहरांत! असो.

या दोन इमारतींकडे बघितलं की बंदिस्त बाजाराचा स्वभाव कशात असतो ते कळायला लागतं. पहिली गोष्ट उजेड. क्रॉफर्ड मार्केटमध्ये तो उंच लोखंडी छपरातून खाली येतो. दुसरी गोष्ट दारं. मंडईत कुठूनही शिरा, कुठूनही बाहेर पडा. तिसरी गोष्ट गाळ्याचं माप. एक माणूस बसून हात लांब करील तेवढा गाळा, त्यामुळे दोन पावलांवर दुसरा विक्रेता आणि दुसरा भाव. चौथी गोष्ट, न विकत घेता थांबायची सोय. पुण्यात 'मंडई विद्यापीठ' असा शब्दच रूढ होता. तिथल्या चर्चांना भाजीइतकंच गिऱ्हाईक असायचं.

आता दगड-लोखंड तसंच ठेवून या चारपैकी काहीही बदलता येतं, आणि न ठरवताही बदलतं. पुण्याचा घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईच्या इमारतीचा एक दगड हलला नाही, पण पहाटेच्या गाड्या गेल्या, हमाल गेले, आडत्यांची बोली गेली, आणि इमारत किरकोळ भाजीची झाली. वारसा-यादीत या बदलासाठी रकाना नसतो.

मॉल नावाची वस्तू याच घराण्यातली, फक्त एक फरक करून आलेली. १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या एडिना गावी 'साउथडेल' उघडला. पूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित असा तो पहिला मॉल मानला जातो. वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा, १९३८ साली नाझींपासून पळून अमेरिकेत आलेला. व्हिएन्नाचे चौक आणि कॉफीघरं त्याच्या डोक्यात होती. गाडीशिवाय पाऊल न टाकणाऱ्या उपनगराला एक चौक द्यावा, बाहेर बर्फ पडत असला तरी आत वसंत असावा, ही त्याची कल्पना. म्हणून साउथडेलच्या मध्यभागी बाग होती, तळं होतं, पक्ष्यांचा उंचच्या उंच पिंजरा होता, हॅरी बर्टोयाने केलेली सोनेरी धातूची झाडं होती. दुकानं या चौकाच्या भोवती. आजूबाजूला घरं, शाळा, दवाखानाही असावा असं त्याला वाटत होतं. दुकानं झाली, गाड्यांसाठी मैदान झालं, बाकीचं तसं झालं नाही. पुढे त्याने स्वतःच मॉलशी असलेलं आपलं नातं नाकारलं. साउथडेल आजही चालू आहे. बर्टोयाची झाडं आहेत, पिंजरा नाही. झाडांना दाणापाणी लागत नाही.

हा नमुना आपल्याकडे आला तो १९९९ साली. मुंबईत हाजीअलीजवळ ताडदेवला पिरामल समूहाचं 'क्रॉसरोड्स' उघडलं. दिल्लीत 'अन्सल प्लाझा'ही त्याच वर्षीचा. देशातल्या पहिल्या मॉलांमध्ये या दोघांची नावं घेतात. क्रॉसरोड्सला सुरुवातीला एवढी गर्दी झाली की सरकता जिना बघायलाच लोक येत. मग तिथे एक नियम आला: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेश-शुल्क भरा. त्या काळी मोबाइल किती जणांकडे होता, आठवून बघा. टीका झाली आणि नियम गेला. पण माझ्या दृष्टीने क्रॉसरोड्सच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच आहे. मंडईला दार असतं ते पाऊस अडवायला. इथे दार माणूस निवडायला बसवलं होतं.

तेच क्रॉसरोड्स पुढे दुसऱ्या हातात गेलं आणि २०००च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्यूचर समूहाचं 'सोबो सेंट्रल' झालं. नूतनीकरण स्वभाव कसा बदलतं ते या एका उदाहरणात पुष्कळ दिसतं. क्रॉसरोड्स म्हणजे वेगवेगळ्या दुकानांची इमारत होती. प्रत्येकाचं दार, प्रत्येकाचा गल्ला, प्रत्येकाचा वेगळा विक्रेता. 'सेंट्रल' हा प्रकारच निराळा: एकच मोठं दुकान, त्यात ब्रँडांचे कोपरे, मधे भिंती नाहीत, बिल एका ठिकाणी. बाहेरून बघणाऱ्याला फरक रंगाचा आणि नावाचा. आत मात्र 'या दुकानातून त्या दुकानात जाणं' हीच क्रिया उरली नाही. दुकानाचं दार ओलांडताना माणूस क्षणभर थांबतो, आत जाऊ की नको ठरवतो. दारं गेली की हे थांबणं गेलं. आपण नुसते वाहत राहतो, आणि वाहता वाहता घेत राहतो. पुढे फ्यूचर समूहाची दुकानं घसरली, मजले रिकामे होत गेले, आणि २०२४ साली कर्जवसुलीच्या प्रक्रियेतून के. रहेजा कॉर्पने ही मालमत्ता ४७६ कोटींना घेतल्याच्या बातम्या आल्या. देशातल्या पहिल्या मॉलांपैकी एक, आणि पंचवीस वर्षांत त्याची कहाणी इथपर्यंत आली. क्रॉफर्ड मार्केटने तेवढ्या वर्षांत जेमतेम एक पिढी बघितली असेल.

मॉल इतक्या लवकर म्हातारा का होतो? उत्तर बरंचसं भाड्याच्या करारात आहे. मॉलमधला गाळा सहसा विकत घेतलेला नसतो, काही वर्षांच्या करारावर असतो. भाडं म्हणजे ठराविक रक्कम, किंवा विक्रीचा ठराविक हिस्सा, जे जास्त असेल ते. म्हणजे मालकाचं उत्पन्न थेट गर्दीवर अवलंबून. मोठं दुकान गर्दी खेचून आणतं, म्हणून त्याला चौरस फुटाला स्वस्त भाडं. लहान दुकान त्या गर्दीवर जगतं, म्हणून त्याला महाग. शेजारी नवा मॉल उघडला की गर्दी तिकडे सरकते, मोठं दुकान करार संपल्यावर निघून जातं, आणि मग लहान दुकानांना महाग भाडं द्यायला कारणच राहत नाही. अशा वेळी मालक 'नूतनीकरण' जाहीर करतो. फरशी बदलते, छत बदलतं, दिवे बदलतात. पण ते सगळं निमित्त. मुख्य काम म्हणजे जुने करार संपवून नव्याने मांडणी करायची संधी. किल्ली दुरुस्त करणारा, ब्लाउजला काजं-बटणं करून देणारा, कॅसेटवाला, ग्रीटिंग कार्डवाला हे त्यात गळतात. कोणी हाकलत नाही त्यांना. नव्या नकाशात त्यांच्या मापाचा गाळाच काढलेला नसतो.

मग पाळी येते मधल्या चौकाची. जुन्या मॉलमध्ये मधे कारंजं, भोवती कठडा, वर काचेचं छप्पर. मालकाच्या हिशेबाने ही सगळ्यात महाग जागा आणि उत्पन्न शून्य. नूतनीकरणात कारंजं जातं आणि तिथे छोटे स्टॉल येतात: मोबाइलची कव्हरं, अत्तर, भुट्टा, पोरांची बॅटरीवरची गाडी. काचेच्या छपराबद्दल मात्र मी मालकाच्या बाजूने थोडं बोलीन. मिनेसोटात उन्हाचं कौतुक आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो. तेव्हा वरून ऊन घ्यायचं आणि खाली एसीने ते पुसायचं, हा विजेच्या बिलाचा वेडेपणा आहे. म्हणून छप्पर झाकतात, खाली फॉल्स सीलिंग येतं, आणि आत सकाळ-संध्याकाळ एकच वेळ होते. गाडी चुकण्याची भीती असणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे अनुभवलेलं आहे. बाहेर येऊन बघावं तर अंधार पडलेला.

दारांचं कारण वेगळं. २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर मॉलांच्या दारांवर तपासणी कडक झाली. प्रत्येक दाराला यंत्र आणि माणसं लागतात, त्यामुळे चार दारांची दोन होणं ओघाने आलं. यात कोणाचा वाईट हेतू नाही. पण मागच्या गल्लीतून शिरून पुढच्या रस्त्याला निघणारा माणूस, म्हणजे मॉल रस्त्यासारखा वापरणारा माणूस, त्यात गेला. बंद दाराच्या बाहेरचा पानठेला आणि सायकलवाला हेही गेले. ते मॉलच्या नकाशात कधीच नव्हते, तरी मॉलचेच होते.

काही ठिकाणी याच्या उलटही घडतं. मद्रासचा स्पेन्सर प्लाझा घ्या. जुनी इमारत १९८३ साली जळाली, नव्वदच्या दशकात त्या जागी आजचं मोठं संकुल उभं राहिलं. तिथे गाळे अनेक मालकांचे आहेत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या बऱ्याच मॉलांत असंच झालं: बांधणाऱ्याने गाळे विकले, पैसे घेतले आणि बाजूला झाला. अशा ठिकाणी नवी फरशी बसवायची तरी शेकडो जणांची संमती लागते. ती मिळत नाही, म्हणून नूतनीकरण होत नाही. जिने थकतात, दिवे जातात, वरचे मजले ओस पडतात. पण तळमजल्यावर लहान गाळा टिकतो, घासाघीस टिकते, शिंपी टिकतो. जुना मॉल कसा होता ते बघायचं असेल, तर मालकांचं एकमत न झालेला मॉल शोधावा. हे मी गमतीने म्हणत नाही. मात्र तिथे आग लागली तर काय, हाही प्रश्न आहेच, आणि जुन्याच्या प्रेमात तो विसरून चालणार नाही.

मुंबईच्या लोअर परळचा फिनिक्स हे तिसऱ्या तऱ्हेचं उदाहरण. १९०५ची कापडगिरणी. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून तिच्या आवारात दुकानं, खेळ, खाणं येत गेलं, आणि ते टप्प्याटप्प्याने बदलत २००९ साली त्यात संगमरवरी 'पॅलेडियम'ची भर पडली. गिरणीची चिमणी राखली आहे. येणारे तिच्यासमोर फोटो काढतात. चिमणी राखली याचं मला बरंच वाटतं. पण आधीच्या साध्या टप्प्यातला फिनिक्स, जिथे मध्यमवर्गीय घर महिन्याचं सामान घ्यायला यायचं, त्याची खूण म्हणून काहीही राखलेलं नाही. राखावं असं कोणाच्या मनातही आलं नसेल. गिरणी हा इतिहास ठरला, गिरणीतला पहिला मॉल हा नुसता जुना मॉल.

आणि आपल्या नागपूरचा एम्प्रेस? जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांना निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई या गोष्टी तिथे फार लवकर आल्या. आपला भाग कपाशीचा. मिल पुढे बंद पडली आणि त्या जमिनीवर एम्प्रेस मॉल आला. हे नूतनीकरण नव्हे, ही जागा पुसून नवं लिहिणं आहे, पण नाव मात्र ठेवलं. तिथे फिरणाऱ्या पोरांना विचारा, एम्प्रेस म्हणजे काय. बहुतेकांना तो मॉलचा ब्रँड वाटतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण हा लेख तिच्यातूनच निघाला.

नागपुरातल्या एका बंदिस्त बाजारसंकुलात (नाव मुद्दाम देत नाही) आम्ही वर्षानुवर्षं जायचो. आत मधोमध कारंजं होतं, बहुतेक वेळा बंदच. त्याभोवती गुडघ्याइतका ग्रॅनाइटचा कठडा. आई खरेदी झाली की त्या कठड्यावर बसायची. पिशव्या पायाशी, डबा मांडीवर. आम्ही पोरं वर-खाली धावायचो, आणि हरवलो तर 'कारंज्याजवळ ये' एवढंच ठरलेलं असायचं. बाकी कितीतरी बाया तशाच बसलेल्या असायच्या, काटोलच्या, वरूडच्या, सौंसरच्या. तिथे ओळखी व्हायच्या. आमच्या घरातलं एक लग्न त्या कठड्यावर निघालेल्या विषयातून जुळलंय.

मंडळाचं काम सुरू केल्यावर मी त्या संकुलाचे फोटो काढले होते. काम निघणार असं कानावर आलं होतं, म्हणून मुद्दाम गेलो. बारा फोटो. अकरा बाहेरून: दर्शनी भाग, पाटी, कमान, पुन्हा पाटी. एक आतला, सरकत्या जिन्याचा. वर्षभराने आईला घेऊन गेलो तर कारंजं नव्हतं. त्या जागी स्टॉल होते आणि बाजूला उतरत्या पृष्ठभागाच्या दोन कुंड्या. म्हणजे कोणी बसू नये अशाच. आई थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "चाल ना, बाहेर पायऱ्यावर बसू." बाहेरच्या पायऱ्यांवरून रखवालदाराने उठवलं. त्याचा आवाज नम्र होता, हेही लिहायला हवं. घरी येऊन फोटो काढून बघितले. ज्या दर्शनी भागाचे अकरा फोटो मी काढले होते, तो जसाच्या तसा होता. फक्त धुतलेला. जे गेलं त्याचा एकही नाही.

तेव्हापासून मला वाटतं, वारशाच्या बाबतीत आपली नजर दर्शनी भागाला फार लवकर भुलते. नियमही तसेच आहेत. दर्शनी भाग राखा, आतलं बघू. क्रॉफर्ड मार्केटचंच बघा. खासगी विकासकाकडून पुनर्विकास करायच्या प्रस्तावावर तिथे कित्येक वर्षं वाद झाला. अखेर महापालिकेनेच टप्प्याटप्प्याने काम घेतलं. इमारत वाचली, आणि ते चांगलंच झालं. चांगलं ते चांगलं म्हणावं: स्वच्छतागृह, आगीपासून संरक्षण, नीट वायरिंग, व्हीलचेअर जाईल असा उतार, हे जुन्या बाजारांत नव्हतं आणि ते यायलाच हवं. माझ्या आईला आज त्या जुन्या संकुलाचा अरुंद जिना चढता आला नसता, नव्या लिफ्टने ती सहज वर गेली. तक्रार लिफ्टबद्दल नाही. लिफ्ट बसवताना कठडा का जावा लागला, एवढंच विचारायचं आहे. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

हे सगळं आपल्याला आत्ताच का बघायचं? पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला. जिल्हा झाला की कार्यालयं येतात, रस्ते रुंद होतात, आणि जुन्या दुकानओळींवर नवे नकाशे पडतात. आपल्याकडे मॉल नाहीत म्हणून आपण सुटलो असं नाही. छपराखालची दुकानओळ, नगरपालिकेचं दोन मजली कॉम्प्लेक्स, बाजारातली झाकलेली बोळ, याही त्याच घराण्यातल्या गोष्टी आहेत. तिथेही उजेड, दारं, गाळ्याचं माप आणि बसायची जागा हेच चार प्रश्न लागू होतात. तिथे भाडेकरू आणि नगरपालिका यांच्यातला करार हाच नूतनीकरणाचा खरा कागद. कमानीचा फोटो नंतरही काढता येईल. गाळा किती फुटी होता, ओटा किती उंच होता, शटरच्या आधी काय होतं, बसायला कोण यायचं, हे आज विचारलं तरच मिळेल.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही तिघं सौंसरला गेलो, मोजपट्टी आणि वही घेऊन. बाजारातल्या एका जुन्या झाकल्या ओळीत शिरलो. पहिल्याच दुकानदाराने मोजपट्टी बघितली आणि विचारलं, "काहून मोजून राहिले भाऊ? टॅक्स वाढते का?" आम्ही सांगितलं, टॅक्सचे नाही, इतिहासाचे आहोत. त्याचा काही विश्वास बसला नाही. पण चहा सांगितला, ओट्यावर जागा करून दिली, आणि आम्ही मोजत असताना आतून म्हाताऱ्या वडिलांनी आवाज दिला, "त्यायले सांग, आधी फळ्या होत्या. सोळा फळ्या. रोज सकाळी नंबरानं काढा लागे." त्यातल्या दोन अजून माळ्यावर होत्या. सात आणि अकरा नंबरच्या. आकडे कोळशाने लिहिलेले, अजून वाचता येतात. त्यांचे फोटो काढलेत. ओट्याची उंची अठरा इंच, दारं दोन, आणि ओट्यावर बसलेले, आम्हाला धरून, सहा जण.